चायना ग्रासच्या प्लेटवर एक्कावन्न वह्या

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी माझी एक जुनी विद्यार्थिनी इंदिरानगरला घरी आली. शाळेत असताना ती माझ्याकडे चित्रकलेच्या वर्गाला यायची. आता तिचं सासर नाशिकरोडला, जेलरोडवर आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकचे डबे लुटायचे नाहीत, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पर्समध्ये मावतील अशा छोट्या वह्या शिवायच्या आणि प्रत्येक वहीच्या कव्हरवर पानांचे छाप हातानं घ्यायचे. वह्या एक्कावन्न. तारीखही ठरलेली, २३ जानेवारी २०२६, शुक्रवार. "मॅडम, ती जिलेटिनची प्लेट घरी जमेल ना?" तिनं विचारलं.

जमेल म्हटलं आणि कागदावर कृती लिहून दिली. या प्रकरणातली पहिली चूक तिथे, माझ्याच हातून झाली. ती पुढे येईलच. आधी ही प्लेट म्हणजे काय, ते सांगते.

जिलेटिन पाण्यात फुलवून, गरम करून, त्यात ग्लिसरीन घालून ट्रेमध्ये ओतलं की जेलीसारखी, पण चांगली चिवट वडी तयार होते. तिच्यावर रोलरनं ॲक्रिलिक रंगाचा पातळ थर द्यायचा, पान ठेवायचं, वर कागद ठेवून तळव्यानं दाबायचं आणि उचलायचं. छापखान्यातलं यंत्र लागत नाही, कारण प्लेट मऊ असल्यामुळे ती स्वतःच पानाच्या शिरांच्या खाचाखोचांत जाऊन बसते. हे मिश्रणही काही आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात कचेऱ्यांमध्ये पत्रांच्या प्रती काढायला हेक्टोग्राफ वापरत, त्याचा पृष्ठभाग जिलेटिन आणि ग्लिसरीनचाच असे. खास शाईनं लिहिलेला कागद त्यावर दाबला की अक्षरं आत उतरत, मग कोरे कागद ठेवून एकामागून एक प्रती काढत. आपण शाईऐवजी रंग आणि अक्षरांऐवजी पानं घेतो, एवढाच फरक.

तिला दिलेली कृती १५ बाय २० सेंटिमीटरच्या ट्रेसाठी होती. जिलेटिन ५० ग्रॅम, पाणी ३०० मिलिलिटर, ग्लिसरीन १५० मिलिलिटर. जिलेटिन थंड पाण्यात दहा मिनिटं फुलू द्यायचं, मग ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून हळूहळू विरघळवायचं. कागदाच्या तळाशी मी दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'उकळी येऊ देऊ नये.' उकळलं की जिलेटिनची पकड ढिली पडते. वर्गात हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की ते हातातून आपोआप उतरतं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. घर माळकरी आहे. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, दर वर्षी पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्या पायी त्र्यंबकेश्वरला जातात, घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाईंचं माहेर सिन्नर तालुक्यातलं, त्यामुळे 'जिलेटिन' हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता, पण वेगळ्याच कामाचा. त्यांनी सुनेला विचारलं, "विहिरीला कातळ लागला की कांड्या लावतात, ते घरात आणणार आहेस?"

हा गैरसमज अगदी रास्त आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यानं तो दूर करायलाच हवा. सुरुंगाच्या जिलेटिनचा आणि जेलीच्या जिलेटिनचा संबंध फक्त नावापुरता. १८७५ मध्ये आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीनमध्ये नायट्रोसेल्युलोज मिसळून जेलीसारखं घट्ट स्फोटक तयार केलं. दिसायला तसं म्हणून नावही तसं पडलं. आपल्या प्लेटचं जिलेटिन वेगळं. ते जनावरांच्या हाडांतून आणि कातड्यातून काढतात. घरात ते चालेल का, हे न विचारताच मी कृती लिहून दिली, ती माझी पहिली चूक.

पहिला गैरसमज दूर झाला तसा दुसरा, खरा प्रश्न समोर आला. सुनेनं तो लपवला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. पुडीवरचं लेबल फाडून 'पावडर आहे' म्हणून निभावून नेणं अवघड नव्हतं. तिनं सरळ सांगितलं, आणि सासूबाईही तितक्याच सरळपणे म्हणाल्या, "मग ते माझ्या ओट्यावर नको." भांडण नाही, आदळआपट नाही. त्यांचं बरोबरच होतं. ज्या घरात एखादी वस्तू चालत नाही, त्या घरच्या वाणासाठी ती चोरून वापरायची, हे मलाही पटलं नसतं.

मी फोनवर म्हटलं, "मग चायना ग्रास घे. बाकी कृती तीच."

दुसरी चूक ही.

रविवार कारंजावरच्या दुकानातून तिनं चायना ग्रासच्या दहा-दहा ग्रॅमच्या पाच पुड्या आणल्या, पट्ट्यांच्या. थंड पाण्यात भिजवल्या, गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवलं, ग्लिसरीन घातलं आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे उकळी अजिबात येऊ दिली नाही. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी मला फोटो पाठवला. ट्रेमध्ये वर पातळ, चिकट पाणी आणि खाली शेवयांसारखे पांढरट धागे. जमणं सोडाच, वितळलंच नव्हतं. एक अख्खी बाटली ग्लिसरीन वाया गेलं. फोटो बघताक्षणी मला कळलं की तिनं काहीच चुकवलं नाही. तिनं माझं ऐकलं होतं.

चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, लाल समुद्री शेवाळापासून होतं. नावात गवत असलं तरी ते गवत नव्हे. उष्णतेपुढे त्याचा स्वभाव जिलेटिनच्या बरोबर उलट आहे. जिलेटिन कोमट पाण्यात विरघळतं, थंडाव्यात जमतं आणि साधारण ३० ते ३५ अंशांना पुन्हा पातळ होतं. म्हणूनच जिलेटिनची जेली जिभेवर विरघळते. अगर उकळल्याशिवाय नीट विरघळतच नाही. निवताना ४० अंशांच्या आसपास जमतं, त्याला फ्रिजही लागत नाही. आणि एकदा जमलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळायचं नाव घेत नाही. मात्राही वेगळी. जिथे जिलेटिन ५० ग्रॅम लागतं, तिथे अगरची पावडर १२ ग्रॅम पुरते. म्हणजे मी तिला वस्तू बदलून दिली, पण पद्धत आणि माप दोन्ही जुन्या वस्तूचं ठेवलं. वर्षानुवर्षं एकाच सामानावर हात बसला की असं होतं. दुसरं सामान हे पहिल्याची बदली वाटायला लागतं.

दुसऱ्या खेपेला पट्ट्यांऐवजी पावडर घ्यायला सांगितलं. बारा ग्रॅम पावडर, ४५० मिलिलिटर पाणी, दोन-तीन मिनिटं खळखळून उकळी. ग्लिसरीन आणखी वाया जायला नको म्हणून या वेळी घातलंच नाही. अर्ध्या तासात काचेसारखी गुळगुळीत प्लेट जमली. घरातले सगळे खूश. रंग घेतला, रोलर फिरवला, आणि रोलर घसरायला लागला. रंग पसरेना, अळवाच्या पानावर पाणी उभं राहावं तसे त्याचे थेंब थेंब गोळा झाले. अगरची प्लेट पाणी सोडते. आतलं पाणी हळूहळू पृष्ठभागावर येऊन बसतं, आणि ॲक्रिलिक रंग त्या ओलाव्यावर टिकत नाही. त्यातच तिनं द्राक्षाचं पान ठेवून दाबलं, तर पानाचा देठ प्लेटमध्ये रुतला आणि टोकापासून मधोमध सरळ चीर गेली. जिलेटिनची प्लेट रबरासारखी ताणली जाते, देठ सहन करते. अगरची तुटते.

तिसऱ्या खेपेला मी स्वतःच जेलरोडला गेले.

सगळी मांडणी बाल्कनीत केली. जुनं पातेलं वेगळं काढलं होतं, इंडक्शनची शेगडी बाहेर आणली होती. यात सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नव्हता. ॲक्रिलिक रंग लागलेलं भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये, हे कुणाच्याही घरी पाळायला हवं. सासरे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. १९२५ पासून चालत आलेला तो छापखाना, जिथे देशाची टपाल तिकिटं छापली जातात. तोवर ते लांब खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी रिकामा ट्रे टेबलावर ठेवला, तेव्हा ते उठून आले. ट्रेमध्ये फुलपात्रभर पाणी ओतलं आणि वाकून बघितलं. पाणी एका कोपऱ्यात जास्त होतं. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, पुन्हा बघितलं, पाणी सारखं झालं. "आता ओता," म्हणाले. प्लेट एका बाजूनं जाड आणि दुसरीकडून पातळ झाली की छाप एका बाजूला फिका येतो. मला हे माहीत होतं, पण इतक्या सोप्या रीतीनं तपासायचं मला सुचलं नव्हतं.

कृती या वेळी अशी केली. बारा ग्रॅम पावडर आधी ३०० मिलिलिटर थंड पाण्यात कालवून घेतली, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मोठ्या आचेवर, सतत ढवळत, उकळी फुटल्यावर तीन मिनिटं. मिश्रण खळीसारखं दाट आणि पारदर्शक झालं. चमच्यावर घेऊन उजेडात धरलं तर एकही कण दिसला नाही, तेव्हाच गॅस बंद करावा तसं शेगडी बंद केली आणि १५० मिलिलिटर ग्लिसरीन घातलं. ते आधी बाटलीसकट गरम पाण्यात ठेवून कोमट करून घेतलं होतं, कारण गार ग्लिसरीन ओतलं की कडेचं अगर तिथल्या तिथे जमायला लागतं. ट्रेमध्ये ओतल्यावर वर बुडबुडे आले. वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून एका दिशेनं ओढली की बुडबुडे तिच्याबरोबर निघून जातात. हे पटापट करावं लागतं. जिलेटिन जमायला वेळ घेतं, अगर थांबत नाही.

दीड सेंटिमीटर जाडीची प्लेट तयार झाली. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे पाझर बराच कमी झाला, पण गेला नाही. म्हणून दर छापाआधी वर्तमानपत्राचा कोरा कागद प्लेटवर अलगद ठेवून उचलायचा, ओलावा टिपून घ्यायचा, असा नेम ठेवला. रंगही जिलेटिनपेक्षा थोडा दाट आणि कमी घेतला.

रोलर फिरवताना मी नेहमी कान देऊन ऐकते. रंग जास्त असेल तर चिखलात पाय पडल्यासारखा पचपच आवाज येतो. थर बरोबर पातळ झाला की बारीक, कोरडी चरचर ऐकू येते. ती चरचर आली की थांबायचं. डोळ्यांपेक्षा कानाला हे लवकर कळतं. आम्ही तिघीही, म्हणजे मी, ती आणि तिची आठ वर्षांची मुलगी, गप्प बसून रोलर ऐकत होतो.

पानांची तयारी मात्र तिची होती, आणि ती उत्तम होती. तिचं माहेर पिंपळगाव बसवंतजवळ, घरची द्राक्षबाग. जानेवारीत घडांना हवा लागावी म्हणून आजूबाजूची पानं काढतात, तीच पिशवीभर भावानं पाठवली होती. त्यांच्यावर फवारणीचे निळसर-पांढरे डाग असतात, म्हणून पानं धुऊन, फडक्यानं टिपून, वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये पोळपाटाखाली एक रात्र दाबून ठेवली होती. देठ आता पानाच्या बुडाशी अगदी साफ कापले. पान नेहमी शिरांची बाजू खाली ठेवून लावायचं. वरची बाजू सपाट असते, ती काहीच बोलत नाही.

पहिल्या छापात पान कागदावर कोरं येतं, कारण त्यानं रंग अडवलेला असतो. सभोवती रंग, मध्ये द्राक्षाच्या पानाची पाच टोकांची पांढरी आकृती. बहुतेक लोक इथेच खूश होऊन थांबतात. खरी गंमत यानंतर आहे. पान चिमट्यानं अलगद उचललं की त्याच्याखाली अडकलेला रंग प्लेटवर तसाच असतो, शिरांच्या जाळ्यासकट. त्यावर दुसरा कागद ठेवून जरा जास्त वेळ, अर्धा मिनिट तरी, दाबून उचलायचा. जिलेटिनवर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हा दुसरा छाप बऱ्याचदा हुकतो, कारण तोवर रंग सुकतो. अगरच्या ओलसर प्लेटवर रंग थोडा जास्त वेळ ओला राहिला. आदल्या आठवड्यात ज्या ओलाव्यानं आमची प्लेट बिघडवली होती, त्याच ओलाव्यानं ही जाळी कागदावर उतरवून दिली. जांभळट करड्या रंगात, शिरेला शीर जोडत गेलेली, कडेच्या दातऱ्यांपर्यंत. मुलीनं बोटानं शिरा मोजायला सुरुवात केली.

तुळस छापायची नाही, हे सासूबाईंनी आधीच सांगितलं होतं. वही कुठेही पडणार, कुणाच्याही पायाशी येणार. त्याऐवजी त्यांनी हरभऱ्याचा डहाळा आणून दिला. "सुगडात हरभरा असतोच, मग वहीवर का नको?" मला हे सुचलं नसतं. बारीक, दातेरी पानांचा तो डहाळा अगरच्या प्लेटवर द्राक्षाच्या पानापेक्षाही चांगला उठला. पान हलकं, देठ कोवळा, प्लेटला काही इजा नाही. पुढच्या निम्म्या वह्या हरभऱ्याच्याच झाल्या.

कागद १४ बाय २० सेंटिमीटरचा कार्ट्रिज पेपर, मध्ये दुमडला की दोन्ही बाजूंचं कव्हर. पण हातानं कागद ठेवताना तो दर वेळी तिरका पडत होता. दहाबारा छाप झाल्यावर सासरे पुन्हा उठून आले. पुठ्ठ्याचा काटकोनी तुकडा प्लेटशेजारी चिकटपट्टीनं टेबलाला लावला. कागदाचा कोपरा त्या कोपऱ्यात बसवायचा आणि मग खाली सोडायचा. "रजिस्ट्रेशन," एवढंच म्हणाले. नंतर पेन्सिलीनं प्रत्येक कागदामागे क्रमांक घालायला लागले, १/५१, २/५१. मी म्हटलं, "काका, अशा छापाची दुसरी प्रत नसते, म्हणून प्रत्येकावर १/१ लिहायची रीत आहे." त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोजायला लागतील ना." क्रमांक तसेच राहिले.

त्या दिवशी एकोणीस कव्हरं झाली आणि प्लेट फाटली. कारण पुन्हा माझी जिलेटिनची सवय. जिलेटिनवर रंग मुद्दाम पूर्ण सुकू द्यायचा आणि वर ताज्या रंगाचा थर देऊन दोन्ही एकदम उचलायचे, असा एक सुंदर प्रकार आहे. तो मला तिला दाखवायचा होता. अगरवर सुकलेला रंग कागदाबरोबर निघाला, पण येताना प्लेटची सालही घेऊन आला. नाण्याएवढे तीन खड्डे पडले. चिवटपणा हा जिलेटिनचा गुण आहे, अगरकडून तो मागू नये. या प्लेटवर रंग सुकू द्यायचाच नाही. थर हवेत तर कागद सुकवून, तोच कागद पुन्हा प्लेटवर आणायचा. सासऱ्यांचा कोपरा होता म्हणून ते जमलंही.

फाटलेली प्लेट फेकली नाही. तुकडे केले, पातेल्यात घालून वर चार चमचे पाणी, पुन्हा पूर्ण उकळी. रंगाचे कण गाळायला एक चहाची गाळणी कायमची बाजूला काढली. नवी प्लेट किंचित करडी दिसत होती, छापाला काही फरक पडला नाही. पुढच्या बत्तीस कव्हरांत आणखी एकदा वितळवावी लागली. एकूण सात कागद बाद झाले, त्या कागदांतून मुलीनं खुणेच्या पट्ट्या कापल्या.

साफसफाईबद्दल एक गोष्ट आग्रहानं सांगते. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. प्लेट आणि रोलर मोरीत धुतला की तो रंग गटारातून कुठे जातो, हे गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको. रोलर रद्दीच्या कागदावर फिरवून कोरडा करायचा, प्लेट कागदानं टिपायची, उरलेला रंग कागदावर सुकू देऊन कोरड्या कचऱ्यात. पाण्यानं धुवायला उरेल ते अगदी थोडं.

यंदा संक्रांत आणि निवृत्तिनाथांची एकादशी एकाच दिवशी, १४ जानेवारीला आली. त्या दिवशी सासूबाई त्र्यंबकला होत्या, त्यामुळे वह्या शिवायचं काम त्या परत आल्यावर झालं. दाभणानं तीन भोकं, गोधडीच्या जाड दोऱ्यानं टाके. टाके त्यांनीच घातले. २३ तारखेला सगळ्या वह्या लुटून झाल्या, आणि मला मिळालेल्या वहीमागे ३४/५१ लिहिलेलं आहे. हरभऱ्याची आहे.

एप्रिलच्या शेवटी, नाशिकचा पारा ४० कडे सरकला तेव्हा, माझ्या कपाटातली जिलेटिनची प्लेट कडेनं ढासळली आणि तिच्यावर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाच्या सुरकुत्या तिच्या अंगावर उमटल्या. मी जेलरोडला फोन केला. त्यांची प्लेट शाबूत होती, फक्त आक्रसून ट्रेपासून दोन्ही बाजूंनी बोटभर सुटली होती आणि कोपरे कडक झाले होते. पाणी उडालं होतं. मी सांगितलं की तुकडे करून वजन कर. जानेवारीत तिनं प्लेटचं वजन ट्रेखाली लिहून ठेवलं होतं, त्यामुळे किती पाणी घालायचं ते वजाबाकीनं निघालं. तेवढं पाणी घालून, झाकण ठेवून, खळखळून उकळी आणायची. या वेळी फोनवर मी 'उकळी' हा शब्द दोनदा म्हटला.